रुंद रेषांची माझी गिटार: अडीच वर्षांनंतर

हातानं गिटार बनवून घ्यायला गेले तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की होती: वरची फळी (टॉप) स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, आणि तिच्या रेषा जितक्या बारीक तितका आवाज चांगला. कारागिरांनी युरोपियन स्प्रूसचे दोन जोड समोर ठेवले; जोड म्हणजे एकच तुकडा मधोमध चिरून पुस्तकासारख्या उघडलेल्या दोन जुळ्या फळ्या. एकाच्या रेषा फणीच्या दातांसारख्या दाट. दुसऱ्याच्या मध्याजवळ जरा बऱ्या, पण कडेला दोन रेषांत चांगलं तीन मिलिमीटर अंतर. माझा हात अर्थातच पहिल्याकडे गेला.

"आधी वाजवून बघा," ते म्हणाले. फळी कडेपासून थोडी आत दोन बोटांत सैल धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. दाट रेषांची फळी 'ठप्प' करून गप्प झाली. रुंद रेषांची घंटेसारखी बोलली आणि बोलत राहिली. मग त्यांनी दोन्ही फळ्या आडव्या वाकवायला सांगितल्या. दाट रेषांची जास्त लवली, आणि वजनालाही तीच भारी निघाली.

त्याचं कारण त्या रेषांतच आहे. झाड दरवर्षी आधी फिकट, हलकं लाकूड वाढवतं आणि हंगाम संपताना गडद, कठीण. आपल्याला दिसते ती रेषा म्हणजे हे गडद लाकूड. रेषा वाढल्या की कठीणपणासोबत वजनही वाढू शकतं, आणि टॉपला तर हलकेपणा नि ताठपणा दोन्ही एकाच वेळी हवेत. त्यामुळे नुसत्या रेषा मोजून काहीच कळत नाही.

रेषांपेक्षा काप बघावा, हे मला तिथे कळलं. फळीच्या टोकाशी रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. स्प्रूस रेषांच्या दिशेनं जितकं ताठ असतं, तितकं आडवं नसतं. फरक दहा पटींच्या वर जातो. रेषा तिरक्या झाल्या की ही आडवी ताकद आणखी ढासळते. माझ्या फळीवर रेषांना छेदणारी रेशमासारखी बारीक चमक आहे. काप नेमका बसल्याची ती खूण.

एक दोष त्यांनी आधीच दाखवला होता. दिव्याखाली गिटार धरली की टॉपचा डावा अर्धा भाग जरा काळसर दिसतो आणि उजवा उजळ. गिटार उलटी फिरवली की अदलाबदल होते. म्हणजे लाकडाचे तंतू फळीच्या पातळीत न राहता हळूहळू बाहेर निघतात. साउंडहोलची, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाची, कापून काढलेली चकती त्यांनी मला दिली होती. घरी ती पटाशीनं फोडली. वरून चीर अगदी रेषेबरोबर गेली, पण जाडीत तिरकी उतरली. आवाजात मला हा दोष कधी जाणवला नाही. तरी बारा नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) सहा तारा मिळून ७० किलोच्या वर ताण देतात आणि तो सगळा ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे टॉपला अडकवतात त्या पट्टीवर, येतो, म्हणून तिथे मी लक्ष ठेवून असते.

मागच्या बाजूसाठी मला नक्षीदार रोझवुड हवं होतं. घेतलं साधं महोगनी. आवाज टॉपच घडवतो हे दाखवायला स्पेनचा गिटार बनवणारा कारागीर तोरेस यानं १८६२ साली मागची बाजू आणि कडा पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली होती, टॉप मात्र लाकडाचाच ठेवला. लँकेस्टर विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही तेच सांगतो: फक्त मागचं आणि कडांचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटार ५२ वादकांनी न पाहता वाजवल्या, आणि त्यांना फारसा फरक सांगता आला नाही. पैसे टॉपवर घालवा, असं मी कुणालाही सांगेन.

आता आवाज. मी बोटांनी वाजवते, सगळ्यात जाड तार बहुतेक वेळा 'डी' सुराला उतरवून. ती तार छेडली की पोटाला गिटारची पाठ थरथरताना जाणवते. वरचे सूर गोल आहेत, टोचत नाहीत. अगदी हलकं छेडलं तरी सूर पूर्ण उमटतो, आणि मला या गिटारचं सगळ्यात जास्त प्रेम त्यासाठीच आहे. पण पिकनं (तारा छेडायच्या छोट्या चकतीनं) जोरात झोडपायला ही गिटार नाही. टॉप २.६ मिलिमीटरपर्यंत उतरवलाय, आतल्या आधाराच्या पट्ट्याही बारीक. जोर वाढला की कॉर्डमधले सूर एकमेकांत मिसळतात. मोठ्या आवाजात साथ करणाऱ्यांनी जाड टॉप मागावा.

तक्रार एकच. हवेतला ओलावा किती ठेवायचा, हे गिटार देताना कुणी सांगितलं नाही. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळपास आक्रसत नाही, आडवं मात्र आक्रसतं. पहिल्याच कोरड्या हंगामात ब्रिजखाली एका रेषेबरोबर केसाएवढी चीर गेली. त्यांनी आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवून ती मोफत बुजवून दिली आणि आवाज होता तसाच राहिला. पण एक कागद सोबत दिला असता तर ती गेलीच नसती. आता केसमध्ये ओलावामापक असतो, काटा ४५ ते ५० टक्क्यांत ठेवते, आणि तारा बदलताना दर वेळी त्या रेषेवरून नख फिरवून बघते.