आयसीयूसाठी पोर्टेबल सोनोग्राफी: हातातलं मशीन की लॅपटॉपवालं?

चाळीस-पन्नास खाटांचं रुग्णालय. खाली रेडिओलॉजीत मोठं मशीन आहे आणि व्हेंटिलेटरवरचा पेशंट तिसऱ्या मजल्यावर. त्याला खाली न्यायचं म्हणजे सिलिंडर, मॉनिटर, दोन सिस्टर आणि लिफ्टची वाट. मग कधीतरी ‘एक पोर्टेबल घेऊन टाकू’ असं ठरतं आणि दोन कंपन्यांची माणसं दोन अगदी वेगळ्या वस्तू घेऊन हजर होतात. एकाच्या हातात मोबाइल-टॅबलेटवर चालणारा प्रोब (अंगावर फिरवायचा भाग), दुसऱ्याकडे ट्रॉलीवर बसणारं लॅपटॉपएवढं मशीन.

माझं मत आधीच सांगतो. आयसीयू आणि कॅज्युअल्टी मिळून एकच मशीन घ्यायचं असेल, तर लॅपटॉपवालं घ्या. हातातलं नंतर जोडीला येऊ द्या.

हातातल्या मशीनची मोठी जाहिरात म्हणजे ते कुठेही नेता येतं. आपल्याकडे नेमकं तेच करता येत नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या नियमांप्रमाणे पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरायचं. दुसरी मुभा आहे ती इतर वैद्यकीय सेवाही देणाऱ्या फिरत्या पथकाला. संध्याकाळी बॅगेत टाकून दुसऱ्या नर्सिंग होमला व्हिजिटला न्यायचा बेत असेल, तर तो सोडून द्या. ‘आम्ही फक्त छाती आणि हृदय बघतो’ हेही चालत नाही, कारण मशीनला गर्भाचं लिंग ओळखता येऊ शकतं का, हे कायदा बघतो. नोंदणी नसलेल्याला कंपनीने मशीन विकायचं नाहीच, भाड्याने किंवा नुसतं वापरायलाही द्यायचं नाही. त्यामुळे डेमोसुद्धा नोंदणीच्या जागेतच. नवं मशीन येण्याआधी समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला) कळवून मेक आणि मॉडेल नोंदणीच्या प्रमाणपत्रावर चढवून घ्यायचं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी असा कायदा केला. इथे तपासणी नावापुरती असेल असं धरून चालू नका. खिशात मावणारं मशीन हरवलं तर पैसे जातातच, वर खुलासा देत बसावं लागतं. ट्रॉलीवरचं मशीन सहसा कुणाच्या ॲप्रनमधून घरी जात नाही.

आता प्रतिमेचं. फुफ्फुसात पाणी झिरपल्याचं दाखवणाऱ्या उभ्या रेघा (बी-लाइन्स), छातीत किंवा पोटात साठलेलं पाणी, अपघाताच्या पेशंटमध्ये आतला रक्तस्राव शोधायची झटपट तपासणी (फास्ट), भरलेलं मूत्राशय: एवढ्यासाठी हातातलं मशीन पुरतं, आणि पटकन हाताशी येतं म्हणून जास्त वापरलंही जातं. त्यांच्यातही फरक आहेत. बटरफ्लाय आयक्यूमध्ये ध्वनिलहरी सोडणाऱ्या नेहमीच्या स्फटिकांऐवजी सिलिकॉन चिप असल्याने एकच प्रोब खोल आणि उथळ दोन्ही बघतो; अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीएने त्याला २०१७ मध्ये मंजुरी दिली. फिलिप्सच्या लुमिफायला कामागणिक वेगळा प्रोब लागतो. जीईचा व्हीस्कॅन एअर बिनवायरचा आणि दुतोंडी आहे, एका टोकाला खोल बघायचं, दुसऱ्याला वरवरचं. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकताना निर्जंतुक कव्हरमध्ये वायर कोंबावी लागत नाही, हे सुख खरं आहे. पण दोन्ही हात अडकलेले असताना टॅबलेट धरायचा कुणी? स्टँड वेगळा घ्या.

अडचण येते ती जाड पेशंटमध्ये, आणि हृदयाच्या झडपेवरचा ग्रेडियंट, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक, मोजायला लागतो तेव्हा. या मोजमापाला सीडब्ल्यू डॉपलर (वेगाने वाहणारं रक्त मोजणारी सोय) लागतो आणि तो हातातल्या बहुतेक मशीनमध्ये नसतो. शिवाय सलग स्कॅन केलं की प्रोब तापतो आणि स्वतःच थांबतो. पुढच्या बेडसाठी चार्जिंगची वाट बघा. लॅपटॉपवाल्यात कॉन्व्हेक्स (पोटासाठी), लिनिअर (वरवरच्या भागासाठी) आणि कार्डियाक (हृदयासाठी) असे तीन प्रोब बदलता येतात, प्लगवर लावून दिवसभर चालतं, इमेज थेट पॅक्सला (रुग्णालयाच्या इमेज साठवणाऱ्या संगणक यंत्रणेला) जाते. एक खोट मात्र आहे: कीबोर्डच्या फटींत जेल वाळून बसतं आणि ते कुणी पुसत नाही. सपाट टचस्क्रीनचं मॉडेल मिळालं तर आयसीयूला तेच बरं.

किंमत विचारताना मशीनपेक्षा प्रोबची विचारा. मशीन वर्षानुवर्षं चालतं, मरतो तो प्रोब: हातातून पडून, नाहीतर ट्रॉलीच्या चाकाखाली वायर येऊन. जुनं मशीन घेत असाल तर एवढं करा. प्रोब कोरडा पुसा, हवेत धरा. पडद्यावर वरच्या बाजूला प्रोबच्या पृष्ठभागाला समांतर सारख्या रेघा दिसतील. त्यात उभी काळी पट्टी असेल, तर तिथले स्फटिक गेलेत. संशय असेल तर सरळ केलेल्या पेपरक्लिपची तार पृष्ठभागावरून हळूहळू सरकवा. मेलेल्या जागी पडद्यावर उमटणारी खूण नाहीशी होते. विकणाऱ्याचा चेहराही तेवढ्यात बघून घ्या.

डेमोला कंपनीचा सडपातळ पोरगा आडवा होतो आणि त्याचं यकृत पुस्तकातल्यासारखं दिसतं. आपल्याच वॉर्डातल्या, नव्वद किलोच्या, गॅसने पोट फुगलेल्या पेशंटवर त्याच्या परवानगीने चालवून बघा, आणि चालवू द्या रात्रपाळीच्या आरएमओला (निवासी डॉक्टरला), कारण वापरणार तोच आहे.

हातातल्या मशीनबाबत ॲपचं वार्षिक शुल्क आहे का, ते भरलं नाही तर काय बंद पडतं, आणि टॅबलेट बदलल्यावर प्रोब चालेल का, ही उत्तरं लेखी घ्या. लॅपटॉपवाल्याच्या सीएमसीत (सुट्या भागांसकट देखभालीच्या वार्षिक करारात) प्रोब धरलेत की नाहीत, पडून फुटलेला प्रोब धरतात का, आणि दुरुस्तीला गेलेल्या मशीनच्या बदली दुसरं देणार असतील तर तेही प्रमाणपत्रावर चढवायचे कागद कोण करणार, हे ऑर्डर देण्याआधी कोटेशनवरच लिहून घ्या.