जुन्या फियाटच्या नावाखाली ५,२५,५०० रुपयांची टोपी

५,२५,५०० रुपये गेले. यात गाडीची किंमत धरलेली नाही. गाडी मी १,६५,००० ला घेतली आणि त्या व्यवहाराबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. विकणाऱ्या काकांनी पत्रा कुठे कुठे सडलाय ते स्वतः खाली वाकून दाखवलं होतं. तक्रार आहे ती "ताई, गाडी सोडा आणि निवांत राहा" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याबद्दल. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, वकिलांनी बजावलंय म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते, कारण तीच पद्धत वापरून तो आजही गाड्या घेतोय.

गाडी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. फियाट ११०० डिलाइटचं हे मधलं नाव, १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणायला लागले. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ हँडगिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मी गाडी शिकले तीच हँडगिअरवर. मला ही गाडी रॅलीत मिरवायला नको होती, रोज ऑफिसला न्यायला हवी होती. त्यासाठी काय काय करावं लागतं हेही मला माहीत होतं. आधी पत्राकाम, मग पुढे डिस्क ब्रेक, मोठा अल्टरनेटर, एसी, आणि ११८ एनईचं (प्रीमियरचीच पुढची गाडी) इंजिन-गिअरबॉक्स, म्हणजे निसानचं ११७१ सीसी आणि स्टिअरिंगऐवजी खाली फ्लोअरवरचा गिअर. हे मी लिहून नेलं होतं. तेव्हा 'बाईला गाडीतलं काही कळत नव्हतं म्हणून फसली' असं कुणी म्हणणार असेल तर त्याने पुढचं वाचायची तसदी घेऊ नये.

गॅरेज शहरापासून लांब, हायवेलगत. शेडमध्ये एक तयार फियाट उभी होती. दारं एका बोटाने बंद होत होती, क्रोम चकाकत होतं, इंजिन सेल्फ मारताच सुरू. ती गाडी त्याने केलेलीच नव्हती, दुसरीकडून सगळं काम करून आलेली होती आणि त्याच्याकडे फक्त एसीसाठी थांबली होती, हे मला फार नंतर कळलं. एस्टिमेट दिलं ४,४०,००० चं, लेखी, पण साध्या कोटेशन पॅडवर. त्यावर जीएसटी नंबर नाही, चासी नंबर नाही, कुठला सुटा भाग नवा आणि कुठला जुना याचा उल्लेख नाही. कागदपत्रांचं काय, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. "आरटीओचं सगळं आपल्याकडे, ताई." हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकाल तिथून गाडी तशीच वळवून बाहेर काढा.

पैसे कसे गेले ते सांगते. ॲडव्हान्स १,५०,००० ऑनलाइन. पत्राकामाचे १,२०,०००, तेही ऑनलाइन, पण त्याच्या भाच्याच्या खात्यावर. इंजिन-गिअरबॉक्सचे १,३५,००० रोख, कारण "भंगारवाला चेक घेत नाही, कुर्ल्यात सगळा रोखीचा बाजार". डिस्क आणि एसीचे ६०,०००. क्रोमचे २२,०००. आणि व्हिंटेज रजिस्ट्रेशनचे ३८,५००, पुन्हा रोख. म्हणजे १,७३,५०० रुपयांचा माझ्याकडे एकही कागद नाही, आणि आज समोरचा वकील नेमकं तेच बोट धरून बसलाय. रोख मागितली की पावती मागा. पावती नाही म्हणाला तर रोख नाही, विषय संपला.

आता तो फोटो. यावर मी किती रात्री जागून काढल्या ते माझं मला माहीत.

पत्राकामाचे १,२०,००० मागताना त्याने व्हॉट्सॲपवर गाडीचा उघडा सांगाडा पाठवला. सगळा रंग उतरवलेला, नुसता पत्रा, फ्लोअर कापून नवा मारलेला, वेल्डिंग सुरेख. माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर जुन्या रेडिओच्या एरियलचं भोक होतं, भोवती गंज चढून नाण्याएवढं झालेलं. फोटोतल्या डाव्या मडगार्डवर काहीच नव्हतं. मी मोठं करून पाहिलं, पुन्हा पाहिलं. फोन केला. "ते आधीच बुजवून टाकलं, ताई." पण रंग न मारलेल्या उघड्या पत्र्यावर बुजवलेलं भोक लपत नाही. वेल्डिंगचा डाग, ग्राइंडरचे ओरखडे, काहीतरी दिसतंच. तिथे काहीही नव्हतं, एकसंध कोरा पत्रा. मला ते दिसत होतं आणि तरीही त्याच संध्याकाळी पैसे गेले. का? कारण सांगाड्याला पुढे टेकवून माझी स्वतःची नंबर प्लेट ठेवली होती. आपली नंबर प्लेट डोळ्यांसमोर असताना ही गाडी आपली नाही असं कुणाच्या मनात येईल? तुमच्या आलं असतं? त्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर प्लेट काढून ठेवली होती. नंबर प्लेट दोन स्क्रूंवर निघते. चासी नंबर निघत नाही. म्हणून फोटो मागूच नका. ठोकलेल्या चासी नंबरपासून सुरू होऊन कॅमेरा न थांबवता कामाच्या जागेपर्यंत येणारा व्हिडिओ मागा, प्रत्येक हप्त्याआधी.

गाडी मिळाली तेव्हा दिसायला फार देखणी होती. हे मान्य करते.

खंबाटकी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून जळका वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली तर रिम हात लावण्याच्या पलीकडे तापलेली. कारण पुढे एका ओळखीच्या जुन्या मिस्त्रींनी उलगडून दाखवलं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो लागतो, डिस्कला चालत नाही. पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात. या माणसाने कुठल्यातरी मारुतीचे वापरलेले कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लावले, मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला आणि सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, बसवलाच नाही. डिस्कला पेडल जास्त दाबावं लागतं, सर्व्होशिवाय तर फारच. ६०,००० घेऊन त्याने मला होते त्यापेक्षा वाईट ब्रेक दिले. घाटात माझ्यासोबत माझी आई बसली होती. हे मी कधीच विसरणार नाही.

पत्र्याचं बिंग पंक्चरवाल्याकडे फुटलं. त्याने दाराखालच्या पट्टीला जॅक लावला, दोन-तीन पंप मारले आणि चाक उचलायच्या ऐवजी जॅक पत्र्यात घुसला. रंगाची पापडी उडाली, आतून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आणि फायबरची जाळी निघाली आणि तिच्यामागे वर्तमानपत्राचा दाबून भरलेला बोळा. पोऱ्याने तो ओढून बाहेर काढला. राशिभविष्याचं पान होतं, वर तारीख स्वच्छ वाचता येत होती, आणि त्या तारखेला गाडी याच्याच शेडमध्ये होती. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलाय. त्याच्याआधीचं काम असेल असं म्हणायची सोय त्याला उरलेली नाही.

फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ, हा सगळा पत्राच गाडी धरून ठेवतो. तिथे लांबी भरणं म्हणजे फक्त पैसे खाणं नाही, माणसं मारायची तयारी आहे. पाच-दहा रुपयांचं लोहचुंबक कापडात गुंडाळून पट्टीवरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पत्रा नाही. खालून नुकतंच काळं डांबर मारलेलं असेल तर ते खरवडूनच बघा. मालक हो-नाही करत असेल तर उत्तर मिळालंच.

आता इंजिन. ११८ एनईचं इंजिन आहे हे खरं. ते कुठून आलं याचा कागद नाही. बिल नाही, ज्या गाडीतून काढलं तिची आरसी रद्द झाल्याचा दाखला नाही. माझं मूळ इंजिन, आरसीवर ज्याचा नंबर आहे ते, त्याने परस्पर विकून टाकलं. "भंगारात गेलं, ताई." माझ्या मालकीचं इंजिन माझ्या परवानगीशिवाय! जुने भाग परत देणार असं आधी लिहून घ्या. निघालेल्या प्रत्येक भागावर आधी नंबर टाकून ठेवा, हे त्या जुन्या मिस्त्रींनी नंतर सांगितलं.

व्हिंटेजचा भाग तर सगळ्यात हलकट. "गाडी पन्नास वर्षांची झाली, व्हिंटेज करून टाकू, मग मॉडिफिकेशनबद्दल कुणी विचारणार नाही." जुलै २०२१ ची अधिसूचना मी नंतर स्वतः वाचली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज होते, पण ती मूळ स्वरूपात असली पाहिजे. बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेली चालत नाही. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. म्हणजे मला हवी असलेली गाडी व्हिंटेज होऊच शकत नव्हती, आणि झाली असती तर मला चालवता आली नसती. नव्या नोंदणीची सरकारी फी २०,००० आहे. त्याने ३८,५०० घेतले आणि अर्ज केल्याच्या पावतीची झेरॉक्स दिली. आरटीओत त्या नंबरचा अर्जच नाही.

आणि आता आपली यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "मिस्टर कुठे आहेत?" गाडी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, फसवणूक माझी, आणि यांना मिस्टर हवेत. दुसरा प्रश्न: "गाडी मिळाली ना परत? मग फसवणूक कुठे झाली?" मी वर्तमानपत्राचा बोळा टेबलावर ठेवला. माझ्या मडगार्डचा आणि त्या सांगाड्याचा, असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. "हा सिव्हिल मॅटर आहे मॅडम, कोर्टात जा." दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेऊन परस्पर विकणं हा सिव्हिल मॅटर? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ विश्वासघाताचं आहे आणि ३१८ फसवणुकीचं. ही कलमं मी सांगायची आणि त्यांनी हसायचं. अर्ज ठेवून घेतला, एफआयआर नाही. तिथून हद्दीचा घोळ: पैसे दिले एकीकडे, गॅरेज दुसरीकडे, म्हणून तिकडच्या ठाण्यात जा, तिकडचे म्हणतात तुमच्याकडेच द्या. हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झिरो एफआयआर कशासाठी आहे मग? शेवटी रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना अर्ज पाठवला, कायद्यात ती सोय आहे. पोचपावती आली, बाकी काही नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर म्हणाले, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. बँकेचंही तेच.

आरटीओचा अनुभव सगळ्यात जिव्हारी लागला, कारण तिथे मी प्रामाणिकपणे आपणहून गेले होते. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, नंबर पाहिला आणि मलाच कलम वाचून दाखवलं. परवानगीशिवाय बदल केला तर जबाबदार गाडीमालक. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ, प्रत्येक बदलाला ५,००० दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्याने बदल केला, पैसे खाल्ले, खोटी पावती दिली, तो यांच्या तावडीत कुठेच सापडत नाही. "त्याच्यावर आम्ही काय करणार, तो काय आमचा लायसन्सधारक आहे का?" त्यांच्याच कार्यालयाच्या नावाची बनावट पावती माझ्या हातात होती आणि ती ठेवून घ्यायलाही कुणी तयार नव्हतं! चिडून मी तिथेच मोठ्याने बोलले आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. विमा कंपनीला विचारलं तर आरसी आणि इंजिनचा नंबर जुळत नसताना क्लेम मंजूर होईल याची खात्री कुणी देईना. म्हणजे गाडी रस्त्यावर आणणं बंद.

इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी, मग गॅरेज. उलटं नाही. ब्रेकचं काम करणारा आणि पत्राकाम करणारा वेगळे ठेवा. सुटे भाग शक्यतो स्वतः पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून बिलासह आणा. कामाचे पैसे काम बघून, आणि तेही ज्याच्या नावाचं बिल त्याच्याच खात्यात.

जुन्या मिस्त्रींनी आता फक्त पत्राकामाचे २,९०,००० सांगितलेत. त्याला आत्ता हात लावणार नाही. पुरावा आहे तसाच ठेवायचा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, फी फक्त २०० रुपये. तारखा पडतायत, समोरचा एकदा आजारी, एकदा वकील बदलला. पण याच निमित्ताने त्याच गॅरेजचे आणखी तीन गाडीमालक सापडले. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये मला पाठवलेला तोच सांगाडा आहे, तीच भिंत, तेच वेल्डिंग, पुढे टेकवलेली नंबर प्लेट मात्र त्याची. हितसंबंध एकच असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५. तो अर्ज आम्ही करतोय. हायवेलगतच्या शेडमध्ये फियाट दिली असेल, भाच्याच्या खात्यावर पैसे टाकले असतील आणि असा फोटो तुमच्याकडेही आला असेल, तर तो डिलीट करू नका आणि आम्हाला गाठा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, काहींची संपत आलीय.