कन्व्हर्टर विकायचाय: वर्डप्रेसवर की लिब्रेऑफिसवर?

जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं प्लगइन तुम्ही लिहिलंय असं धरू. 'धर्म' जुन्या फाँटात बहुधा ध, म आणि शेवटी रफार असा बसवलेला असतो. युनिकोडला आधी पायमोडका र लागतो, मग म. पहिल्या वेलांटीचं उलटं: तिकडे अक्षराआधी, इकडे अक्षरानंतर. जोडाक्षरांसकट कोणत्या जुन्या खुणेला कोणतं युनिकोड, हा तक्ता जुळवण्यात महिने जातात आणि नेमका तोच कुणी आयता उचलू नये असं वाटतं.

वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना जीपीएल, आवृत्ती २ किंवा पुढची: कोड घेणाऱ्याला तो बघायचा, बदलायचा आणि पुढे वाटायचा हक्क देणारा. प्लगइनचं पीएचपी, म्हणजे त्याचा कोड, वर्डप्रेसच्याच पोटात चालतं, त्याची फंक्शनं बोलावतं, त्याच्या डेटात हात घालतं. म्हणून वर्डप्रेसवाले म्हणतात, हे वेगळं सॉफ्टवेअर नाहीच. वाटायचं तर जीपीएलखालीच. २०१० मध्ये थीसिस या विकाऊ थीमवरून (थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणारा संच) वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि ती थीम बनवणारा ख्रिस पिअरसन यांची जाहीर जुंपली होती. शेवटी पिअरसननं पीएचपी जीपीएलखाली आणलं, सीएसएस (रंगरूपाचा कोड) आणि चित्रं मात्र स्वतःकडे ठेवली.

जीपीएल म्हणजे फुकट, असं मात्र नाही. पाच हजार लावा, कुणी अडवत नाही. पण पहिल्याच गिऱ्हाइकानं ती झिप मित्राला दिली तर तुम्हीही त्याला अडवू शकत नाही. विकतच्या प्लगइनची 'लायसन्स की' बहुतेकदा अपडेट आणि सपोर्टपुरतीच असते ती यामुळे. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या डिरेक्टरीत जायचं तर कोड वाचता येण्याजोगा हवा, आणि पैसे भरेपर्यंत कुलूपबंद ठेवलेली सोयही तिथे चालत नाही.

यातून वाट अकिस्मेट या स्पॅम अडवणाऱ्या प्लगइनची: प्लगइन जीपीएल, खरं काम सर्व्हरवर. तुमचा तक्ता सर्व्हरवर राहिला तर जीपीएल तिथवर पोचत नाही.

लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचा परवाना, एमपीएल २.०, फाइलनिहाय चालतो. त्यांच्या फाइलमध्ये बदल करून वाटलात तर ती फाइल खुली ठेवायची. तुमच्या नव्या फायली तुमच्या. बंद एक्स्टेन्शन (लिब्रेऑफिसचं प्लगइन, कोड खुला न करता) बिनदिक्कत विका. फक्त एकदा आपल्याच ओएक्सटी फाइलच्या (एक्स्टेन्शन याच रूपात वाटतात) नावाचं शेपूट .oxt वरून .zip करा आणि उघडून बघा: पायथनमध्ये लिहिलं असेल तर सगळा तक्ता समोर पसरलेला! कॉपी करायला परवान्यानं मनाई, पण दाराला कडीसुद्धा नाही. सी++मध्ये लिहिलंत तर झाकलं जाईल, पण मग विंडोज, मॅक, लिनक्स, प्रत्येकाचं बिल्ड वेगळं.

चित्रं सुधारायच्या गिम्पमध्येही बंद प्लगइन चालतं, कारण ते वेगळ्या प्रोसेसमध्ये पळतं आणि प्लगइनला लागणारी गिम्पची लायब्ररी एलजीपीएल या जीपीएलपेक्षा सैल परवान्याखाली आहे. पण लेख कन्व्हर्ट करायला गिम्प कोण उघडणार?

मी गिऱ्हाईक बघून ठरवीन. छापून झालेले जुने अंक पोर्टलवर चढवणाऱ्याला मजकूर सर्व्हरवर जाण्याचं काही वाटत नाही. त्याला वर्डप्रेस आणि सर्व्हर. दिवाळी अंकाच्या संपादकाकडे अप्रकाशित कथा असतात, त्या तो बाहेर पाठवणार नाही; त्याला लिब्रेऑफिस, आणि निदान तक्ता तरी सी++मध्ये.

आणि एकाच वृत्तपत्राला बनवून द्यायचं असेल, तर जीपीएलचा एवढा धसका घेऊ नका. कोड आणि त्याचे हक्क त्यांना द्यावे लागतील, गावभर वाटायची सक्ती नाही. ते पुढे कुणाला देतील का, हे त्यांच्या मर्जीवर. किंमत सांगताना तेवढं धरून चाला.