एचबी१०० रडार मॉड्यूल: डॅव्हेंट्रीचा प्रयोग टेबलावर होतो, चेन होम होत नाही

बडोद्यात सुट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘रडार सेन्सर’ म्हणून एचबी१०० मिळतं. किंमत तीनशे-साडेतीनशेच्या घरात. शाळा-कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात ‘दुसऱ्या महायुद्धातलं रडार’ दाखवायला ते सर्रास घेतलं जातं. घ्यावंच, पण त्यातून नेमकं काय दिसतं ते आधी माहीत हवं. हे मॉड्यूल हालचाल आणि वेग सांगतं, अंतर सांगत नाही. वेग दाखवणारा १९३५ चा डॅव्हेंट्रीचा प्रयोग त्याने होतो. पण महायुद्धातलं ब्रिटनचं हवाई संरक्षण, म्हणजे किनाऱ्यावरच्या ‘चेन होम’ रडार केंद्रांची साखळी, तर अंतरावर उभं होतं.

मॉड्यूल ४५ बाय ३७ मिलिमीटरचं आहे. एका बाजूला तांब्याच्या चौकोनी पट्ट्या म्हणजे अँटेना, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या डबीखाली ऑसिलेटर. डबीवरच्या स्क्रूला हात लावू नका, त्याने वारंवारता हलते. ती १०.५२५ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे तरंगलांबी २.८५ सेंटिमीटर. वीज ५ व्होल्ट, प्रवाह ३० ते ४० मिलिअँपिअर. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट चालतात असं दुकानदार सांगतात, पण चार्जरचा खरखराट थेट सिग्नलमध्ये उतरतो. ९ व्होल्टची बॅटरी, ७८०५ रेग्युलेटर, त्याच्या आउटपुटला १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, एवढं केलं की पुरवठा शांत होतो.

आयएफ पिनवर, म्हणजे मॉड्यूलच्या आउटपुटवर, मिळणारा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असतो. तो थेट आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडून ‘मॉड्यूल खराब निघालं’ म्हणून परत आणून देणारे पुष्कळ असतात. ॲम्प्लिफायर लावावाच लागतो. एलएम३५८ या आयसीमध्ये दोन ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारे घटक, असतात. प्रत्येकाला १० किलोओहमचा इनपुट रेझिस्टर आणि १ मेगाओहमचा फीडबॅक दिला की दर टप्प्याला शंभरपट, मिळून दहा हजारपट वाढ होते. इनपुटला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधारण साडेतीन हर्ट्झखालचं गळतं, आणि फीडबॅकवर १०० पिकोफॅरड लावला की सोळाशे हर्ट्झच्या वरचं. आयसीला ९ व्होल्ट द्या आणि दोन समान रेझिस्टरांनी ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू करा. आउटपुट १० किलोओहमच्या पॉटमधून (बदलत्या रेझिस्टरमधून) बारीक करून लॅपटॉपच्या माइकला दिला, की स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कुठल्याही मोफत ॲपवर पट्टे दिसतात.

हिशेब सोपा आहे: समोरची वस्तू हलली की परतलेल्या लाटेची वारंवारता बदलते, आणि हा फरक ताशी एका किलोमीटरला साधारण १९.५ हर्ट्झ. सायकल ताशी १५ ने आली तर २९० च्या आसपास. चालणारा माणूस ताशी ५ ने येतो, म्हणजे ९७-९८ हर्ट्झ, आणि इथेच बहुतेक प्रात्यक्षिकं फसतात. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा विझते-पेटते. तिच्यातला विजेने आयनीभूत झालेला वायू मायक्रोवेव्ह परावर्तित करतो, त्यामुळे पडद्यावर १०० हर्ट्झची पक्की रेघ उभी राहते आणि चालणारा माणूस नेमका तिच्याखाली झाकला जातो. ट्यूब बंद करा, किंवा माणसाला पळायला लावा. छताचा पंखाही बंद हवा, त्याची पाती खालच्या वारंवारतांवर गोंधळ घालतात. मॉड्यूल प्लॅस्टिकच्या डबीत बसवायचं तर अँटेना आणि झाकण यांत १४ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची फट ठेवा. धातूची डबी चालत नाही.

दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्याच्या ओट्यावरून गल्लीतली स्कूटर मोजायची असेल, तर मॉड्यूल शक्य तितकं गल्लीच्या रेषेत धरा. ६० अंश तिरकं धरलं की वेग निम्मा दिसतो. स्कूटर येतेय की जातेय हे मात्र कळत नाही, कारण आयएफची वाट एकच आहे.

आता इतिहास. २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी जे केलं, ते तत्त्वाने हेच होतं. डॅव्हेंट्रीचं बीबीसीचं प्रक्षेपण केंद्र ४९ मीटरवर अखंड चालू होतं. समोरून हेफर्ड बॉम्बर उडवला. थेट येणारी लाट दोन अँटेनांच्या जोडणीने जवळजवळ मारून टाकली आणि विमानावरून परतलेल्या लाटेशी तिचा उरलेला अंश मिसळून ठोके, म्हणजे सिग्नलचे चढउतार, पाहिले. विमान आठ मैलांपर्यंत कळलं. एचबी१०० मध्येही पाठवलेल्या लाटेचा अंश परतलेल्या लाटेत मिसळतो आणि फरक बाहेर येतो. म्हणून ‘१९३५ चं डॅव्हेंट्री’ असा फलक लावलात तर प्रदर्शन शंभर टक्के खरं आहे. ‘१९४० चं चेन होम’ लिहिलंत तर चूक.

चेन होमची केंद्रं २० ते ३० मेगाहर्ट्झवर, सेकंदाला २५ छोटे स्पंद (पल्स) सोडत. तीनशे साठ फुटी पोलादी मनोऱ्यांवरून समोरचं अख्खं आकाश एकदम उजळायचं, अँटेना फिरत नसे. प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढत, १५० किलोमीटरला एक मिलिसेकंद. हे टेबलावर दाखवायला रेडिओलहरी उपयोगाच्या नाहीत, वेळ फारच कमी मिळतो. त्यासाठी शंभरेक रुपयांचं अल्ट्रासोनिक एचसी-एसआर०४ घ्या. १० मायक्रोसेकंदांचा ट्रिगर दिला की ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडतं आणि प्रतिध्वनी यायला लागेल तेवढा वेळ इको पिन वर ठेवतं. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटिमीटर. मात्र बडोद्याच्या मे महिन्यात, ४० अंशांना, आवाज वेगाने जातो. तेव्हा भाजक ५६ धरा, नाहीतर दर मीटरला तीनेक सेंटिमीटर चुकतात.

दोन मोजण्यांत किमान ६० मिलिसेकंद सोडा. आधीच्या स्पंदाचा उशिरा आलेला प्रतिध्वनी पुढच्या मोजणीत घुसतो. चेन होमलाही आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, येणाऱ्या दूरच्या प्रतिध्वनींचा हाच त्रास होता. गरज पडली की तिथे स्पंद निम्मे, साडेबारावर आणत.

खरी मजा दोन सेन्सर घेतल्यावर आहे. एका मीटरच्या अंतरावर ठेवा, आळीपाळीने चालवा, आणि ड्रॉइंग शीटवर एकास दहा प्रमाणात कंपासने दोन कंस काढा. जिथे छेदतात तिथे वस्तू. चेन होमचं अंतर चांगलं येई, दिशा कच्ची येई, म्हणून बेंटली प्रायरी या लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयातल्या फिल्टर रूममध्ये शेजारच्या केंद्रांची अंतरं अशीच छेदून जागा ठरवत. दोन्ही सेन्सर एकदम चालवले तर आकडे नाचतात. शेजारच्या केंद्राचे स्पंद ब्रिटिश पडद्यांवरही असेच धावत, म्हणून केंद्रांची वेळ राष्ट्रीय वीजजाळ्याच्या ५० हर्ट्झला बांधून घेतली होती.

प्रदर्शनात हा कागद यंत्रापेक्षा मोठा ठेवा. लढाऊ विमानदलाचे प्रमुख डाउडिंग यांच्या व्यवस्थेत फिल्टर झालेली जागा टेलिफोनने ऑपरेशन्स रूममध्ये जाई, आणि विमानं गस्त घालत पेट्रोल जाळण्याऐवजी गरजेच्या वेळी, गरजेच्या जागी उडत. केंद्रं समुद्राकडे पाहत. किनारा ओलांडून आलेली विमानं ऑब्झर्व्हर कोरची माणसं डोळ्यांनी आणि कानांनी मोजत. खूप खालून येणारं विमान चेन होमला दिसत नसे, त्यासाठी दीड मीटर तरंगलांबीची चेन होम लो केंद्रं वेगळी उभारली. आणि दिसलेला ठिपका कोणाचा, हा प्रश्न उरतोच. ६ सप्टेंबर १९३९ ला चुकीच्या इशाऱ्यावरून उठलेल्या स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. बडोदेकरांनी फलकावर एक ओळ जरूर घालावी: रॉयल एअर फोर्सच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचं नाव होतं. ती मे १९४१ मध्ये स्पिटफायर घेऊन उभी राहिली, आणि तोपर्यंत जमिनीवरून दिशा मिळणं हे लढाऊ वैमानिकाचं रोजचं काम झालं होतं.

घेताना दोन गोष्टी पाहा. एचबी१०० अँटिस्टॅटिक पिशवीत नसेल तर घेऊ नका. साध्या पिशवीतला, दहा हातांतून गेलेला नग स्थिर विजेने आतून गेलेला असू शकतो आणि ते वरून दिसत नाही. सोल्डरिंग आयर्न अर्थ केलेलं हवं. आणि दुकानदाराने त्याऐवजी स्वस्तातलं आरसीडब्ल्यूएल-०५१६ पुढे केलं तर नाही म्हणा. त्याच्या आउटपुटवर फक्त ‘हालचाल आहे’ आणि ‘नाही’ एवढंच येतं, वेग काढायला काही उरत नाही.