द्राक्षबागेत गवत कापायला मिनी ट्रॅक्टर घेताय? सायलेन्सरचं तोंड आधी बघा

दिंडोरी तालुक्यात मोहाडीला आमची बाग. जुनी मांडवावर, नवी वायवर (इंग्रजी Y आकाराच्या आधारावर), दोन ओळींत नऊ फूट. ट्रॅक्टर २४ एचपीचा, मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मशीनला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारं गवत कापायचं मशीन. फवारणी भाऊजी करतात, गवत मी कापते. म्हणून हा अभिप्राय सीटवर बसणाऱ्या माणसाच्या नाकाडोळ्यांच्या बाजूने आहे.

ट्रॅक्टरबद्दल थोडक्यात. वळतो छान, डिझेल बेताचं पितो, लिफ्ट या मशीनला पुरते. सीट कडक आहे. बस्स.

आता सायलेन्सर. महामार्गावरच्या शोरूममध्ये दोन प्रकार होते, बॉनेटशेजारून वर जाणारा उभा आणि इंजिनाखालून जाणारा. विक्रेता म्हणाला, "ताई, सगळे उभाच नेतात." सगळे म्हणजे कोण? ट्रॉली ओढणारे, सोयाबीन-गहूवाले. मांडवाखाली काय लागतं हे त्याने विचारलंच नाही. उभं नळकांडं मांडवाच्या तारांना आणि लोंबत्या फुटींना घासतं, वर त्याचा गरम झोत पानांवर बसतो. फेब्रुवारीत घड लटकत असताना तर विचारूच नका, निर्यातीच्या मालावर काजळीचा ठिपका कोण चालवून घेईल? आम्ही खालचा घेतला आणि त्या बाबतीत शंभर टक्के समाधानी आहे.

पण खालचा म्हणजे सगळे प्रश्न सुटले असं नाही. आमच्या मॉडेलमध्ये तोंड सरळ जमिनीकडे येतं. गवत कापण्याचं काम ट्रॉलीसारखं नाही. पीटीओला मिनिटाला ५४० फेरे हवेत म्हणून रेस सतत चढलेली, आणि चाल मात्र बैलगाडीची. धूर मागे पडत नाही, तो तुमच्याबरोबरच चालतो. त्यात पानांनी भरलेल्या मांडवाखाली वारा कुठला? जमिनीवर आपटलेला झोत धूळ आणि कापलेल्या गवताचा भुगा घेऊन थेट पायांवरून चेहऱ्याकडे येतो. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय, त्यामुळे "सवय होईल" हे उत्तर मला चालत नाही.

दुसरी गोष्ट आगीची. खरड छाटणीच्या (माल निघाल्यावरच्या छाटणीच्या) आधी, मार्च-एप्रिलमध्ये, ओळीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. भरपूर लोडवर डिझेल इंजिनातून निघणारा धूर मॅनिफोल्डपाशी (इंजिनाला सायलेन्सरची नळी जोडते तिथे) चारशे अंशांच्याही वर जातो. तोंडापर्यंत येताना तो निवतो हे खरं, पण ट्रॅक्टर चालू ठेवून वाळल्या गवतावर थांबायचं नाही, हा नियम मी घरातल्या सगळ्यांना घातलाय. सायलेन्सरच्या वरच्या खाचेत भुगा साचतो, तो काम संपल्यावर गार झाला की ब्रशने काढते.

पिंपळगावच्या एका सायलेन्सरवाल्याकडून तोंडाला कोपर, म्हणजे वळलेल्या नळीचा तुकडा, बसवून घेतला. झोत आता डावीकडे, आडवा, जरासा मागच्या दिशेने जातो. डावीकडेच का? लिफ्टचा लिव्हर उजव्या हाताला, त्यामुळे मशीन बघायला मान उजवीकडून वळते आणि श्वासही तिकडेच घेतला जातो. तुमचं मशीन कापलेलं गवत डावीकडे फेकत असेल तर मात्र हिशोब बदलेल. पुढच्या फेरीत त्याच ढिगावरून गरम तोंड न्यायचं नाही. कोपर मूळ नळीच्याच व्यासाचा घ्या. बारीक नळी लावली तर धूर इंजिनात कोंडतो, ताकद पडते, काळा धूर वाढतो. वेल्डिंग करू दिलं नाही, क्लॅम्पवर बसवलाय, म्हणजे वॉरंटीत ट्रॅक्टर न्यायची वेळ आली तर काढून ठेवता येतो. शिवाय चॅसिसला एक आधारपट्टी मारून घेतली. नाहीतर लोंबतं वजन थरथरून मॅनिफोल्डच्या जोडापाशी नळी चिरते. खर्च हजाराच्या आत. कंपनीने हाच कोपर मुळात दिला असता तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. पाचपैकी एक तारा त्याचाच कापते.

वायच्या बागेत खरं तर उभाही चालून जातो, मधला पट्टा वर मोकळा असतो. फक्त नळकांड्याच्या बाजूच्या फुटी आधी आवरून घ्याव्या लागतात. पेरूची मोकळी बाग असेल, किंवा फार्महाऊसचं लॉन, तर सरळ उभा घ्या. धूर डोक्यावरून जातो, गवतापासून लांब राहतो. आवाज मात्र कानाजवळ येतो, आणि ट्रॅक्टर पावसात उघड्यावर राहणार असेल तर नळीवर पडतं झाकण आहे ना ते शोरूममध्येच बघून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी अजून दुधाच्या पावडरचा रिकामा डबा उपडा घातलाय, आणि तो काढायचं विसरून रोज स्टार्टर मारतात.