कवटीचं मॉडेल घेऊ का? जबड्यापुरता रिव्ह्यू, बीडीएस (दातांची डॉक्टरकी) फर्स्ट इयरवाल्यांसाठी

ज्युनिअर सारखे विचारतात प्लास्टिकची कवटी घेऊ का म्हणून, तर एकदाच सविस्तर लिहिते. माझी ऑनलाइन मागवलेली, दोन हजारांच्या आसपास, खऱ्या साइजची, तीन भागांत सुटणारी आणि स्नायूंच्या जागा लाल-निळ्या रंगवलेल्या, म्हणजे लाल तिथून स्नायू निघतो आणि निळा तिथे जाऊन चिकटतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही. डोळ्यांच्या खोबण्या, नाक, कवटीचा वरचा भाग वगैरे ठीकठाक आहे, त्यात वेळ घालवत नाही, आपल्याला काम जबड्याचं.

खालचा जबडा बाहेरून एकदम भारी. कॉन्डाइल (कानापुढच्या खोबणीत बसणारं मागचं गोल टोक), कोरोनॉइड (त्याच्या पुढचं चपटं टोक), त्यांच्यामधली खाच, अँगल (कानाखालचा कोपरा), सगळं बोटाला लागतं, मेंटल फोरामेन, म्हणजे नस बाहेर यायचं भोक, नुसता ठिपका नाहीये, खरंच भोक आहे आणि प्रीमोलरच्या (दाढांच्या पुढचे छोटे दात) खाली बरोबर जागेवर आहे. अक्कलदाढा चारही सरळ उगवलेल्या आहेत, असा नशीबवान पेशंट कुठे भेटतो देव जाणे. पण जबडा उलटा करून आतली बाजू बघा, मग खरी रड सुरू होते. मॅन्डिब्युलर फोरामेन, म्हणजे नस हाडात शिरायचं भोक, इथे नुसता खळगा, आणि त्याच्या तोंडाशी जे पातळ हाडाचं टोक असतं ना, लिंग्युला, ते नाहीच! अरे पुढे खालच्या दाढेचं भुलीचं इंजेक्शन शिकायचंय तेव्हा औषध तिथेच जवळ सोडायचं असतं, इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या दातांची नस) तिथूनच तर हाडात शिरते, म्हणजे डेंटिस्टचा जिच्याशी रोजचा संबंध नेमकी तीच जागा यांनी गाळली.

रंगांचं सांगायचं तर चावण्याच्या स्नायूंपैकी मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस मस्त दाखवलेत. मॅसेटर गालाच्या कमानीवरून निघून जबड्याच्या बाहेरून खाली अँगलपर्यंत, टेम्पोरॅलिस कानशिलावर पंख्यासारखा पसरून खाली कोरोनॉइडला. हे दोन्ही स्वतःवर पण कळतात, दात घट्ट आवळा आणि एक हात गालावर एक कानशिलावर ठेवा, टरारून वर येतात. गोंधळ होतो तो आतल्या दोघांचा. मीडियल टेरिगॉइड नावाने मीडियल म्हणजे आतला, पण मुख्य भाग निघतो लॅटरल म्हणजे बाहेरच्या टेरिगॉइड प्लेटच्या (वरच्या जबड्यामागची हाडाची पातळ पट्टी) आतल्या बाजूवरून, आणि लॅटरल टेरिगॉइडचं खालचं डोकं त्याच प्लेटच्या बाहेरच्या बाजूवरून, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हा प्रश्न ठरलेलाच. मॉडेलवर ती प्लेट दोन्हीकडून सरसकट लाल फासलीये, कोण कुठून निघालं काही कळत नाही, आणि कॉन्डाइलच्या मानेवर जिथे लॅटरल टेरिगॉइडचा निळा हवा तिथे रंगच नाही.

सोबत एक चार्ट येतो, तो सरळ बाजूला ठेवा. त्यात चावण्याच्या स्नायूंच्या यादीत बक्सिनेटर घातलाय. बक्सिनेटर घास दातांखाली ढकलायला मदत करतो हे खरं, पण तो चेहऱ्याचा स्नायू, त्याला फेशिअल नर्व्ह. चावण्याचे खरे वर सांगितलेले चार, आणि चौघांनाही ट्रायजेमिनल नर्व्हची मॅन्डिब्युलर शाखा. चार्टच्या भरवशावर व्हायवाला गेलात तर गेलातच.

आता सगळ्यात मोठी तक्रार, स्प्रिंग. दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावल्यात त्यामुळे जबडा नुसता वर-खाली उघडमिट होतो, आणि खरा जबडा असा चालतच नाही. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू पूर्ण उघडा, आधी कॉन्डाइल जागच्या जागी फिरतो आणि मग चक्क पुढे घसरतो, मधल्या चकतीला म्हणजे डिस्कला घेऊन. मॉडेलमध्ये ना डिस्क ना घसरणं. आणि हे घसरणं दिसलं नाही तर लॅटरल टेरिगॉइड कळत नाही, कारण कॉन्डाइलला पुढे ओढतो तोच, बाकी तिघांचं मुख्य काम तोंड मिटायचं. भाकरी उजव्या दाढेने चावताना डावा कॉन्डाइल पुढे येतो म्हणून जबडा उजवीकडे सरकतो, हे स्प्रिंगवाल्या कवटीवर तुम्ही कसं दाखवणार? मोठी जांभई दिली आणि तोंड मिटेचना अशी केस असते ना, त्यात कॉन्डाइल खोबणीच्या पुढच्या उंचवट्याच्याही पलीकडे जाऊन बसलेला असतो आणि मिटवणारे स्नायू आवळून धरतात, म्हणून तर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली दाबायचा आणि मग मागे ढकलायचा. मागेच ढकलत बसलात तर तो उंचवटा आडवा येणार.

यावर जुगाड म्हणजे स्प्रिंग काढून टाकायच्या, पॅकिंगच्या फोमचे दोन छोटे तुकडे डिस्क म्हणून खोबणीत ठेवायचे आणि हाताने एकेक कॉन्डाइल पुढे सरकवायचा, कवटी धरायला रूममेटला बसवा. दिसायला येडपट वाटतं पण पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर डोक्यात शिरतं.

सीनिअरकडून खऱ्या हाडांचा सेट मिळत असेल तर आधी तो घ्या, स्पॉटरला (समोर ठेवलेलं ओळखायची परीक्षा) कॉलेजात खरंच हाड ठेवतात. रूमवर पाठांतराला हे मॉडेल चालेल, माझ्याकडून पाचात तीन, आतून नीट रंगवलं असतं तर चार दिले असते. आणि स्प्रिंगचे स्क्रू एका पाकिटात जपून ठेवा, फार बारीक आहेत, हरवले तर पुढच्या वर्षी विकताना ज्युनिअर भाव पाडतात.