सामाजिक शास्त्रे : एका तुकडीला एक शिक्षक की दोन?

जूनमध्ये कार्यभार वाटताना सामाजिक शास्त्रांचा प्रश्न सहसा सर्वांत शेवटी येतो आणि घाईत सुटतो. गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या तासिका आधी बसतात. उरलेल्या चौकटींत इतिहास व भूगोल भरले जातात. नववी-दहावीच्या प्रत्येकी दोन तुकड्या आणि या विषयाचे दोन शिक्षक असतील, तर मुख्याध्यापकापुढे दोन रीती असतात. एका शिक्षकाने सर्व तुकड्यांना इतिहास व राज्यशास्त्र शिकवायचे आणि दुसऱ्याने सर्वांना भूगोल. किंवा तुकड्या वाटून घेऊन प्रत्येकाने आपल्या तुकडीचे दोन्ही पेपर सांभाळायचे. तासिकांची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते आणि संचमान्यतेतही (शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकांच्या संख्येतही) फरक पडत नाही, त्यामुळे निवड खरोखर आपल्या हातात असते. अंबाजोगाई परिसरातल्या आमच्या शाळेत मी पहिली रीत बरीच वर्षे चालवली आणि नंतर दुसरी स्वीकारली. ज्यांना यंदा वेळापत्रक करायचे आहे, त्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून तो येथे मांडतो.

पहिल्या रीतीची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य करायला हवे. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभा आहे. हवामानाचे आलेख, लोकसंख्येचे मनोरे आणि नद्यांची खोरी हाताळताना ज्याची बी.एड.ची मेथड, म्हणजे अध्यापनाचा खास विषय, भूगोल आहे, त्याचा हात सहज चालतो. आमच्या भूगोलाच्या शिक्षकांनी ब्राझीलच्या ईशान्येकडील कमी पावसाचा पट्टा, म्हणजे अवर्षण चतुष्कोन, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा आपला प्रदेश असे दोन नकाशे फळ्यावर शेजारी शेजारी काढले, तो तास मला अजून आठवतो. इतिहासाचेही तसेच आहे. इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरेचे पहिले दोन पाठ मुलांना कोरडे वाटतात. व्हॉल्टेअर किंवा रांके या युरोपीय विचारवंतांनी इतिहासलेखनात नेमके काय बदलले, हे ज्याला स्वतःला उमगले आहे तोच शिक्षक त्यांत जीव आणू शकतो; इतरांच्या हाती ते पाठ पाठांतराचे होतात. शिवाय इतिहास-राज्यशास्त्राचे ४० आणि भूगोलाचे ४० गुण वेगळ्या उत्तरपत्रिकांतून येत असल्याने कोणाच्या विषयात तुकडी मागे पडली, हे घटक चाचणीतच कळते. जबाबदारी स्पष्ट राहते, ही प्रशासनाच्या दृष्टीने लहान सोय नव्हे.

तरीही मी ती रीत सोडली, आणि त्याला एक प्रश्न कारणीभूत झाला.

दहावीच्या बदललेल्या पाठ्यपुस्तकांचे ते पहिले वर्ष होते, म्हणजे २०१८-१९. भूगोलात प्राकृतिक रचना व जलप्रणालीचा पाठ चालू असताना एका मुलीने विचारले, “सर, धनेगावचं धरण आपल्या बीड जिल्ह्यात आहे. मग त्यातलं पाणी लातूरच्या नळाला सोडायचं की शेताच्या कालव्याला, हे कोण ठरवतं?” हा प्रश्न तिला पुस्तकातून सुचलेला नव्हता. २०१६ च्या एप्रिलमध्ये हेच धनेगावचे, म्हणजे मांजरा नदीवरचे, धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा ती सातवीत होती आणि घरच्या कालव्याचे पाणी बंद झालेले तिने पाहिले होते. भूगोलाच्या शिक्षकांनी तिला सांगितले की हा राज्यशास्त्राचा भाग आहे, तिकडे विचार. तिने तो राज्यशास्त्राच्या तासाला विचारला. तेथे त्या आठवड्यात संविधानाची वाटचाल चालू होती. बाईंनी नदीचा प्रश्न भूगोलात घ्यायला सांगितले. पुढे वह्या तपासताना तिच्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो प्रश्न मला लिहिलेला दिसला, आणि त्याखाली उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या सोडलेल्या होत्या.

दोन्ही शिक्षक कामसू होते आणि दोघांनीही वेळापत्रकाप्रमाणे योग्य तेच केले होते. एकाला पुढच्या आठवड्यात हवामानाचा पाठ संपवायचा होता, दुसऱ्यांना निवडणूक प्रक्रियेकडे जायचे होते. ज्या रचनेत हा प्रश्न कोणाच्याच वाट्याला येत नव्हता ती रचना माझी होती, म्हणून तो दोष मी माझ्याकडेच घेतो. त्यानंतर लक्ष ठेवले तेव्हा असे प्रश्न वारंवार दिसू लागले. सोयाबीनचा भाव पडला तर तो कोठे ठरतो, १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी ज्या पाझर तलावावर माती टाकली त्या कामाची मजुरी कोणत्या कायद्याने मिळाली, आपण निझामाच्या राज्यात होतो तर मुंबईच्या राज्यात कसे आलो. मुलांचे खरे प्रश्न बहुधा दोन तासांच्या मधल्या फटीत पडतात, आणि विषयवार वाटणीत त्या फटीला मालक नसतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यायचे तर काय काय लागते ते पाहावे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरकडे वाहते, पुढे बीदर जिल्ह्यातून तेलंगणात जाते आणि अखेर गोदावरीला मिळते. हा भूगोल झाला. याच नदीवर खालच्या अंगाला निझामाच्या राजवटीत निझामसागर हा जलाशय बांधला गेला आणि तो १९३१ मध्ये पूर्ण झाला. तेव्हा नदीचा वरचा आणि खालचा भाग एकाच संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. एकाच खोऱ्याचे पाणी अशा रीतीने राज्यांमधला विषय बनले, १९६९ मध्ये गोदावरीच्या पाणीवाटपासाठी लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९८० मध्ये आला. इथवर इतिहास आणि राज्यशास्त्र एकमेकांत गुंतलेले आहेत. राज्याच्या आत जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान दिले आहे, कालव्याची आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, कालवा सल्लागार समितीत ठरतात, आणि २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही आलेले आहे. राहिला उसाचा प्रश्न: कमी पावसाच्या मुलखात इतके पाणी पिणारे पीक शेतकरी का लावतो, हे हमीचा भाव आणि साखर कारखान्याची खात्री यांशिवाय सांगता येत नाही, आणि ते अर्थशास्त्र आहे. एकाच शिक्षकाकडे तुकडी असेल तर हे सारे दोन सलग तासांत होते. दोघांकडे असेल तर शिक्षकदालनात बसून आधी ठरवावे लागते, आणि दोघांचे ऑफ (मोकळे) तास जुळत नसल्याने ते बहुतेक वेळा राहून जाते.

पाठ्यपुस्तकांतही सांधे आहेत. नववीच्या इतिहासात ‘उद्योग व व्यापार’ आहे आणि त्याच वर्षी भूगोलात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ व ‘व्यापार’ आहेत. दहावीच्या इतिहासात ‘पर्यटन आणि इतिहास’ आहे, भूगोलात ‘पर्यटन, वाहतूक व संदेशवहन’. दोन शिक्षक असताना आमच्याकडे पर्यटनाचा पाठ एकदा ऑगस्टात आणि एकदा जानेवारीत व्हायचा, आणि मुले तो दोन वेगळी उत्तरे म्हणून पाठ करायची. क्षेत्रभेटीला तेरला गेलो तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. तेर म्हणजे तगर हे प्राचीन व्यापारी नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथामध्ये त्याचा उल्लेख आहे आणि तेथला माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. संग्रहालयातल्या वस्तू पाहताना माझ्या मनात आले की तेरणा नदी, सातवाहनांचा काळ आणि समुद्रापारचा व्यापार या तीन गोष्टी येथे एकाच जागी उभ्या आहेत, पण अहवाल मात्र मुले दोन लिहिणार आहेत. एका शिक्षकाकडे तुकडी गेल्यापासून अहवाल एकच होतो आणि तो अधिक भरीव असतो, असे माझे मत आहे.

दुसऱ्या रीतीत अडचणी आहेत आणि त्या लपवू नयेत. शिक्षक दीर्घ रजेवर गेला किंवा निवडणुकीच्या कामावर गेला, तर त्या तुकडीचे दोन्ही विषय एकदम थांबतात. शिक्षकाची आपल्या मेथडकडे ओढ असते. आमच्या इतिहासाच्या बाईंनी पहिल्या वर्षी आलेखांचे प्रश्न मागे ढकलले आणि प्रथम सत्राच्या परीक्षेत ते दिसले. दोन तुकड्यांना दोन वेगळे शिक्षक मिळाल्यावर पालक तुलना करतात, हेही सोसावे लागते. निकालाचे म्हणाल तर शालान्त परीक्षेच्या गुणांत मला ठळक फरक जाणवला नाही, त्यामुळे केवळ टक्केवारीसाठी कोणी ही रीत घ्यावी असे मी सुचवणार नाही. माझा अनुभव एका शाळेचा आहे आणि दुसऱ्या गावी तो वेगळा येऊ शकतो. पण वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलांची संख्या वाढली, हे मी वर्गाबाहेर उभे राहून स्वतः ऐकले आहे, आणि मला ते पुरेसे वाटते.

ज्यांच्याकडे भूगोलाचा विशेष तयारीचा शिक्षक आहे आणि दुसरा शिक्षक नकाशाला बिचकतो, त्यांनी दहावीला विषयवार वाटणी ठेवणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. इतरांनी नववीपासून आरंभ करावा आणि तोच शिक्षक तुकडीबरोबर दहावीत जाऊ द्यावा, म्हणजे नववीत राहिलेले धागे त्याच्या हाती राहतात. आम्ही एक तडजोड केली आहे: आलेख आणि नकाशावाचनाच्या मोजक्या तासिकांना भूगोलाचे शिक्षक दुसऱ्या तुकडीवर जातात आणि इतिहासलेखनाच्या दोन पाठांना इतिहासाच्या बाई भूगोलाच्या शिक्षकांच्या तुकडीवर येतात. ही अदलाबदल वार्षिक नियोजनात जूनमध्येच तारखांसह लिहून घ्यावी. ऐनवेळी ठरवली तर ती होत नाही. वह्याही आता दोन नसतात. एकच जाड वही असते, आणि तिची शेवटची दहा पाने प्रश्नांसाठी राखून ठेवायला आम्ही मुलांना सांगतो. शिक्षक ती पाने दर शनिवारी पाहतात.